उजव्या पायावरचा हात

मारोतरावांची शुगर बारा वर्षांची. आर्णीजवळच्या आपल्या शेतात ते अजूनही रोज जात, पण पाय आता त्यांचे राहिले नव्हते. आधी तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळत. मग मुंग्या येऊ लागल्या. मग काहीच नाही. चप्पल निसटून मागे राहिली तरी पत्ता लागत नसे. एकदा कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीचं धसकट तळव्यात घुसलं, तेही सुनेला, निशिगंधाला, ओसरीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं.

फाल्गुनात त्यांची बायको विमलताई गेली. लकव्यानं तिची वाचा आधीच गेली होती.

महिनाभरानं एका दुपारी मारोतरावांना उजव्या पावलावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं. थंड हात. मग ते रोजचंच झालं.

निशिगंधा त्यांना यवतमाळला डॉक्टर अनघाताईंकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी त्यांना झोपवलं, डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक धागा तळव्यावर जागोजागी टेकवला.

"टोचलं की सांगा, काका."

दहा ठिकाणी टेकवून झालं. मारोतराव गप्पच. डॉक्टर धागा ठेवायला वळल्या, तेव्हा ते म्हणाले, "आता धरला तुमी पाय."

"नाही काका. मी टेबलापाशी आहे."

"मंग सूनबाई असंन."

निशिगंधा दाराजवळ उभी होती.

"नसा खराब झाल्या की कधी कधी खोटेच निरोप पाठवतात," डॉक्टर म्हणाल्या, आणि मध्येच थांबल्या. सुजलेल्या उजव्या पावलावर चार खळगे उमटले होते. बोटांच्या अंतरानं.

"हे कुणी दाबलं?"

मारोतरावांनी डोळे उघडले नाहीत.

"बायको गेली त्या दुपारी मी तिच्या खाटेवर पाय टाकून खुर्चीत बसलो होतो. डोळा लागला. जाग आली तं तिनं माहा पाय धरून ठेवला होता. हात गार पडला होता तिचा. किती वेळ उठवत राह्यली असंन मले. मले समजलंच नाही."

निशिगंधानं ओढणी तोंडाशी धरली.

डॉक्टरांनी पेन उचललं. म्हणाल्या, "गोळी देते. हे थांबेल."

"नको बाई. आता समजते तं समजू द्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"एकच इचारतो," मारोतराव हळूच म्हणाले. "इतके दिवस नुसती धरे. आता ओढून काहून राह्यली?"

पांढऱ्या चादरीवर त्यांची टाच सावकाश बोटभर खाली सरकली.