उघडी राहिलेली फाईल

डिस्क भरणं हा काही भुताखेतांचा विषय नाही. डिस्का भरतात. कुणीतरी जाऊन आकडे बघतं, नको ते काढतं, कप्पा जरा मोठा करतं आणि चहा प्यायला जातं. म्हणूनच रविवारी दुपारी जेवण अर्ध्यावर टाकून ती ऑफिसला निघाली, तेव्हा मनात भीती नव्हती, वैताग होता. "तासाभरात येते," असं लेकीला सांगून निघाली. लेकीने मोबाइलमधून मान वर न काढता "हं" केलं.

ऑफिस म्हणजे आपत्कालीन मदत केंद्र. आग लागली, अपघात झाला, कुणाचा श्वास अडकला, की लोक जो नंबर फिरवतात तो इथे वाजतो. वरच्या मजल्यावर सोळा टेबलं, सोळा हेडफोन, आणि त्या सगळ्यांवर ओरडायला एक शिफ्टप्रमुख. त्यांना सगळे पाठीमागे 'भोंगा' म्हणत. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. खाली तळघरात सर्व्हरची खोली आणि तिथे ती. वरची मंडळी तिला सर्व्हरबाई म्हणत.

"आलीस का? बरं झालं." भोंग्यांनी जिन्यावरच गाठलं. "सकाळी एकसष्ट टक्के होतं, आता सत्त्याण्णव म्हणतंय. तुझ्या यंत्राला रविवारची खा-खा सुटलीय."

"कुणी काही कॉपी केलं का?"

"इथे कुणाला तेवढी अक्कल आहे, बाई?"

ती हसली आणि खाली गेली. तळघरात खिडकी नव्हती. दुपार काय नि पहाट काय, तिथे सदा तोच पांढरा उजेड, तोच गारठा आणि पंख्यांची तीच घरघर. तापलेल्या वायरींचा एक कोरडा वास तिथे कायम असे. आज त्यात आणखी काहीतरी होतं. लोकरीच्या कपड्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांसारखं. कुणाच्या तरी कोटाचा असेल, असं म्हणून तिने खुर्ची ओढली.

तिने आधी डीएफ चालवलं. ही आज्ञा थेट कप्प्यालाच विचारते, तू किती भरलास. उत्तर आलं, सत्त्याण्णव टक्के. मग तिने डीयू चालवलं. ही एकेक फाईल मोजत जाते आणि शेवटी बेरीज सांगते. त्याला वेळ लागला. बेरीज आली ती एकसष्ट टक्क्यांइतकीच.

दोन आज्ञांचं जमत नसलं, तर कारण एकच असतं, आणि ते या धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारावं. फाईल डिलीट झालेली असते, पण कुठला तरी प्रोग्राम तिला अजून धरून बसलेला असतो. दारावरची पाटी काढली, पण भाडेकरूने खोली सोडलेली नाही. यादीत नाव दिसत नाही, जागा मात्र अडलेली राहते. त्या प्रोग्रामने हात सोडला, की जागा आपोआप मोकळी होते.

आधी जरा श्वास घ्यायला जागा करू, असं तिने ठरवलं. मोकळा साठा सांगणारी व्हीजीएस ही आज्ञा चालवून बघितली, तर सगळं मिळून वीस जीबी शिल्लक. तेवढे सगळे तिने रेकॉर्डिंगच्या कप्प्याला जोडून टाकले. काटा जरासा मागे सरला आणि तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा पुढे आला. काय खातंय एवढं? तिने डिलीट होऊनही उघड्या असलेल्या फायलींची यादी मागवली.

एकच ओळ आली.

फाईलच्या नावात तारीख होती, वेळ होती आणि टेबलाचा नंबर होता. अकरा. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. त्या दिवशी त्या वेळी अकरा नंबरच्या टेबलावर ती स्वतः बसली होती.

तेव्हा ती वर होती, कॉल घ्यायची. लेक दोन वर्षांची होती. दुपारी एका बाईचा फोन आला, इतक्या हळू आवाजात की दोनदा विचारावं लागलं. तो घरात शिरलाय. मी कपाटात आहे. तो कोण, हे विचारायला वेळच नव्हता. तिने शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "अजिबात आवाज करू नका. मी सांगेपर्यंत बोलायचं नाही. फोन ठेवू नका, मी लाईनवर आहे." मग गाडी पाठवण्यासाठी कॉल होल्डवर टाकला. पत्ता अर्धाच मिळाला होता. तेवढ्यात घाटात बस उलटली आणि सोळाच्या सोळा टेबलांवर एकदम फोन कोसळले. संध्याकाळी शिफ्ट संपली, ती घरी गेली. लेकीला भात भरवताना हातातला घास तसाच राहिला, तेव्हा तिला ती बाई आठवली.

गाडी शेजारच्याच इमारतीत जाऊन परत आली होती. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडलं. बाई कपाटातच सापडली. ज्याने ते केलं, तो कधीच सापडला नाही.

रेकॉर्डिंग भोंग्यांनी काढून टाकलं. "तुझं लेकरू लहान आहे. विषय संपला," एवढंच म्हणाले आणि वहीत 'तांत्रिक बिघाड' लिहिलं. ती गप्प राहिली. तिला त्याची लाज वाटत आली होती, रोज. महिन्याभरातच तिने तळघरात बदली मागून घेतली. यंत्रांना होल्डवर टाकलं, तरी कुणी मरत नाही.

पण ही फाईल इथे असूच शकत नव्हती. हा सर्व्हर गेल्याच महिन्यात नवा बसवला होता. जुना भंगारात गेला. आणि मशीन एकदा बंद करून चालू केलं, तरी असल्या फायली पुसल्या जातात. जुनं मशीन तर शंभर वेळा बंद-चालू झालं असेल.

तिने फाईलचा आकार बघितला. दोन टीबीच्या वर. एका कॉलचं रेकॉर्डिंग सेकंदाला आठ हजार बाइट घेतं. तिने भागाकार केला. साडेआठ वर्षं आली. परत बघितलं, तर आठ वर्षं नि दहा महिने. फाईल भराभरा पुढे येत होती, दिवसामागून दिवस. ती आजपर्यंत येऊ पाहत होती.

भिंतीवरचा इंटरकॉम खणखणला.

"अगं काय करतेस? नव्व्याण्णव झालं. सिस्टीमने नवे कॉल घेणं बंद केलं."

हा नियमच होता. रेकॉर्ड न होणारा कॉल घ्यायचा नाही.

"जुनी रेकॉर्डिंग्ज हलवते दुसरीकडे. प्रत झाल्याशिवाय सिस्टीम ती पुसू देत नाही."

"किती वेळ?"

"दीड तास तरी."

"दीड तास? वेडी आहेस का? एका पोराच्या घशात काहीतरी अडकलंय. आई फोनवर होती, मध्येच लाईन तुटली. परत लावतेय बिचारी, लागत नाहीये. चौदा कॉल थांबलेत. काहीही काढ, पण आत्ता जागा कर."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. फाईलचा वेग मंदावला होता. आता ती सेकंदाला बरोबर आठ हजार बाइटने वाढत होती. म्हणजे ती आजवर येऊन पोहोचली होती. या क्षणापर्यंत.

सर्व्हरच्या रॅकशेजारी तपासणीसाठी एक साधा फोन असतो. कुठलाही चालू कॉल त्यावर ऐकता येतो, बोलताही येतं. आपण तो का उचलला, हे तिला पुढेही सांगता आलं नसतं. उचलला, आणि त्या कॉलचा नंबर दाबला.

आधी काहीच नाही. मग कापडाची सळसळ. लाकडी दांडीवर हँगर हलतात तशी बारीक टिकटिक. मग श्वास. अगदी जवळ, तोंडावर हात दाबून घेतल्यासारखा. आणि त्याच्या मागे, लांबून, दुसरा एक श्वास. संथ. त्याला कसलीच घाई नव्हती.

"हॅलो," ती म्हणाली.

जवळचा श्वास थांबला.

"ताई... आता बोलू का?"

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बोला."

"मी अजिबात आवाज नाही केला हं. तुम्ही सांगितलं होतं ना..."

"हो. सांगितलं होतं."

"गाडी... किती वेळ लागेल अजून?"

तिला रडू फुटत होतं आणि फोनवर रडायचं नाही, हे वर शिकवलेलं अजून अंगात होतं.

"तो आहे का तिथे?" तिने विचारलं.

"दाराशीच आहे. बाहेर... उभा आहे. त्याला वाटतं, मी कुणाशी तरी बोलतेय. लाईन चालू आहे तोवर तो जागचा हलत नाही." श्वास जरा कापला. "तुम्ही ठेवू नका, ताई. तुम्ही ठेवला की..."

इंटरकॉम पुन्हा वाजला. तिने दुसऱ्या हाताने उचलला.

"पोर निळं पडतंय गं," भोंगे म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच लहान झाला होता. "बाप आता मोबाइलवरून लावतोय. नाही लागत. काय अडलंय तुझं?"

"ती फाईल आहे. त्या दिवसाची. कपाटातल्या बाईची."



"ती मी काढली होती," ते म्हणाले.

"तुम्ही नाव काढलं होतंत."

"मग... मग आता उरलेलं काढ. पोर जिवंत आहे, बाई. अजून तरी जिवंत आहे."

इंटरकॉम खाली लोंबकळत राहिला. तिने एका हाताने आज्ञा टाइप केली. फाईल धरून ठेवणारा तो प्रोग्राम मारायचा, एवढंच. मग जागा मोकळी, लाईन मोकळी, त्या आईचा फोन लागेल. ज्या बाईला तिने एकदा विसरून सोडलं होतं, तिला आता जाणूनबुजून सोडायचं. विसरणं तरी माणसाच्या हातून होतं. हे मात्र ती पूर्ण शुद्धीत करणार होती, आणि करायलाच हवं होतं.

"मला माफ करा," ती रिसीव्हरमध्ये म्हणाली.

"नका ना... ताई, थांबा, मी परत गप्प बसते, मी काही विचारत ना..."

तिने एंटर दाबलं.

डीएफ, एकसष्ट टक्के. उघड्या फायलींची यादी रिकामी. डोक्यावर, छताच्या वर, एकापाठोपाठ एक फोन वाजायला लागले आणि माणसांचे आवाज उठले. ती खुर्चीत वाकून बसली आणि मनसोक्त रडली. नऊ वर्षांत ती त्या बाईसाठी एकदाही रडली नव्हती. रडायचा आपल्याला हक्कच नाही, असं तिला वाटे.

बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की रिसीव्हर अजून मांडीवरच आहे. तो जागेवर ठेवायला म्हणून तिने उचलला. कॉल नव्हता, फाईल नव्हती, लाईनवर काहीच असायला नको होतं. हँगरची टिकटिक नव्हती. जवळचा श्वास नव्हता.

लांबचा होता. आता तो जवळ आला होता.

"तुम्ही कुठे आहात, ताई?"

पुरुषाचा आवाज, शांत, अदबशीर. वर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात, फोन उचलला की आधी हेच विचारायचं आणि अगदी याच सुरात. पत्ता मिळाला की बाकी सगळं होतं.

तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. श्वाससुद्धा रोखून धरला. रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला, वर हाताने दाबून धरला. तळघरात फक्त पंख्यांची घरघर. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र वाढला होता. आता घरी जायचं, तिने ठरवलं. लेकीजवळ जाऊन बसायचं, आणि उद्या सगळं लिहून द्यायचं, भोंग्यांचं नाव आणि स्वतःचंही. तिने पिशवी उचलली.

इंटरकॉममधून बारीक आवाज येत होता. तिने तो कानाला लावला.

"...ऐकतेस ना? पोर वाचलं. रडतंय म्हणे, छान मोठ्याने रडतंय." भोंगे परत पूर्वीसारखे गडगडत होते. "आईने तुला आशीर्वाद दिलेत, म्हणजे मला दिले, त्यातले अर्धे तुझे. आणि हो, ते गृहस्थ पोहोचले का गं खाली?"

"कोण गृहस्थ?"

"आत्ताच आले होते. म्हणाले, ताईंनी फोनवर पत्ता सांगितला. तळघर, डावीकडचं तिसरं दार, अगदी दाराच्या कुलपाच्या आकड्यासकट सांगितलाय म्हणाले. तुझा कुणी नातेवाईक असेल, म्हणून मीच जिना दाखवला. भला माणूस वाटला. फार दमलेला दिसत होता बिचारा. पाणी विचारलं, तर म्हणाला नको, मी आधीच फार वेळ उभा आहे."

बटणांच्या कुलपाचा तो चार अंकी आकडा भोंग्यांनासुद्धा माहीत नव्हता. तो तिने स्वतः ठरवला होता, आणि आजवर कुणालाही सांगितला नव्हता.

दाराच्या पलीकडून बटणांचा आवाज आला. एक. दोन. तीन. चौथं बटण दाबायची त्याने घाई केली नाही.