बकलवरचा हात

बसा. त्या खुर्चीचा एक पाय डगमगतो, पण माणूस पडत नाही. पडण्यातलं मला थोडंफार कळतं. तीस वर्षं मी मुलांना चढायला शिकवलं. खऱ्या कड्यावर जाण्याआधी मुलं आमच्या हॉलमधल्या चाळीस फुटी लाकडी भिंतीवर हात बसवून घ्यायची.

सोमवारी हॉल बंद असायचा. वर्षातल्या एका सोमवारी मी सगळे हार्नेस तपासायचो. हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना आवळायचे पट्टे. चढणाऱ्याचा सगळा भार त्यांच्यावर असतो. शिवण उसवलेली दिसली की हार्नेस बाद. कुणी पडून दगावलं, तर त्याचा हार्नेस त्याच दिवशी कापून टाकायचा, दुसऱ्याच्या अंगाला लागू द्यायचा नाही. हा नियम मीच केला आणि मीच मोडला. माझ्या मुलीचा हार्नेस तीन वर्षं हॉलमधल्या माझ्या कपाटात होता.

घरात तिला आम्ही खार म्हणायचो. चढणाऱ्याने आणि खाली दोर धरणाऱ्याने आधी एकमेकांच्या बकलवर हात ठेवून बघायचं, हीसुद्धा आमची शिस्त. पट्टा बकलमधून काढून पुन्हा उलटा ओवलाय ना, ते बघायचं. एकदाच ओवलेला पट्टा वजन पडलं की सरकतो. त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. तिला शिकायला दुसऱ्या गावी जायचं होतं, आणि मी बाप म्हणून तोंड फुगवून उभा होतो. दोर धरला, पण तिचं बकल बघितलं नाही. सतरा वर्षांची होती हो.

त्यानंतर दर तपासणीला मी तिचा पट्टा नीट उलटा ओवून कपाटाला कुलूप लावायचो. पुढच्या वर्षी उघडावं, तर पट्टा एकदाच ओवलेला. किल्ली माझ्याच खिशात असायची.

तिसऱ्या वर्षी त्या सोमवारी दुपारी बायको डबा घेऊन आली आणि उघड्या कपाटासमोर उभी राहिली.

"अहो, आज कापा तो. किती दिवस उराशी धरून बसणार?"

"एकदा तिचं बकल बघू दे. मग कापतो."

तिने डबा खाली ठेवला. या माणसापुढे डोकं आपटून उपयोग नाही, हे तिला पंचवीस वर्षांत कळलं होतं.

मी माझा हार्नेस चढवला. खारीचा हार्नेस भिंतीवरच्या एका खुंटीला कमरेच्या उंचीवर अडकवला. दोराचं एक टोक त्याला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला. दोर दोनशे फुटांचा. तिचा पट्टा उलटा ओवला, बकलवर हात ठेवला आणि म्हणालो, "बघितलं गं."

पंखा बंद होता. तरी हाताला चोळायच्या पांढऱ्या पावडरीचा वास आला, ताजा. मग माझ्या पोटापाशी माझं बकल कुणीतरी हलकेच ओढून बघितलं.

"अहो..." बायको कुजबुजली. "तो हलतोय..."

हार्नेस खुंटीवरून सुटला होता आणि वर निघाला होता. थांबत, जागा शोधत, डावी बाजू आधी उचलत. खार अशीच चढायची. माझे हात आपोआप दोर देत गेले. मी रडत होतो, आणि खोटं कशाला बोलू, तीन वर्षांत पहिल्यांदा मला आनंद झाला होता.

चाळीस फुटांवर पत्र्याचं छप्पर आहे. हार्नेस त्याखालच्या अंधारात शिरला आणि दिसेनासा झाला. दोर मात्र जातच राहिला. साठ फूट... शंभर... दीडशे... पत्रे मीच बसवून घेतले आहेत, त्यांना कुठे भोक नाही. शेवटी दोर माझ्या कमरेशी ताठ झाला. वर पोचलेला माणूस दोर असा ओढून घेतो, तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो. आता तू ये.

माझ्या टाचा उचलल्या गेल्या. बायकोने धावत येऊन माझ्या कमरेला मिठी मारली.

"बाळा, बाबांना राहू दे..." ती वर बघून अगदी हळू म्हणाली. "मी येते हं. उद्या येते."

लहानपणी शाळेच्या दारात ती खारीची अशीच समजूत काढायची. दोर सैल पडला. मी गाठ सोडली, तसं ते टोक सरसर वर निघून गेलं.

आम्ही घरी आलो. तिने चहा केला, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावलं. सकाळी जाग आली तेव्हा तिचं पांघरूण घडी करून ठेवलेलं होतं.

हॉलचं दार उघडं होतं. भिंतीपाशी तिच्या चपला जोडीने काढलेल्या. माझा हार्नेस जागेवर नव्हता. भिंतीवर पांढऱ्या पावडरीचे हातांचे ठसे होते, दोन मापांचे, शेजारी शेजारी, थेट वरपर्यंत. शिडी लावून बघितलं. पत्र्यावरही होते.

लोक म्हणतात, लेकीपाशी गेली, सुटली. असेलही. पण तिने जन्मात कधी हार्नेस घातला नव्हता, आणि पट्टा उलटा कसा ओवायचा ते मी तिला कधी दाखवलं नव्हतं.

आता हॉल कायमचा बंद आहे. मी मात्र रोज दुपारी जातो. वरून काहीतरी वेगाने खाली येत असल्यासारखी हवा कापल्याचा आवाज येतो... बराच वेळ येत राहतो. खाली काही आदळत नाही, अजून तरी. मी भिंतीपाशी गाद्या अंथरून ठेवल्या आहेत.