एफ-नऊचं बटण

त्या दिवशी आमच्या रियेका बंदरावर सकाळपासूनच दक्षिणेचा वारा चढला होता, आणि पाऊस सरळ पडायचं सोडून आडवा येत होता. चष्म्याच्या दुकानातली माझी पाळी संपली, तशी मी घराकडे निघाले. छत्री होती, पण तिचा उपयोग फक्त तिला सांभाळण्यापुरताच.

मासळीबाजारामागच्या गल्लीत लोकांनी टाकायचं सामान काढून ठेवलं होतं. मोडक्या खुर्च्या, एक गादी, बिनदाराचा फ्रीज... आणि त्या सगळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत, एक लॅपटॉप.

मी हात घातला. नेमका त्याच वेळी पलीकडून आणखी एक हात आला.

"सोडा," मी म्हटलं.

"तुम्ही सोडा."

हाताच्या मागे एक चेहरा होता. ओले, कपाळाला चिकटलेले केस. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. काचांवर इतकं पाणी, की त्याला मी दिसत तरी होते की नाही कोण जाणे.

"मी आधी पाहिला," मी म्हटलं.

"मी त्या कोपऱ्यापासून पळत आलोय. तुम्ही नुसत्या चालत होतात."

"पळणाऱ्याला बक्षीस असतं का इथे?"

"कशाला हवाय तुम्हाला? विकायला?"

मला एकदम चीड आली. "माझ्या बाबांना बोलायला हवाय," मी म्हटलं.

त्याने हात काढून घेतला. लगेच. कसं, काय, काही विचारलं नाही.

"घ्या. पण सांगून ठेवतो, चालायचा नाही तो. आत पाणी गेलंय." त्याने चष्मा शर्टाला पुसला. शर्ट त्याहून ओला होता. "नाही चालला तर पुढच्या वळणावर निळं दार आहे, तळघरात या. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो आम्ही, गरज असेल त्याला देतो. व्हेद्रान म्हणून विचारा."

व्हेद्रान. आमच्या भाषेत निरभ्र आकाशाला जे म्हणतात, त्यावरून ठेवलेलं नाव. त्याच्या हनुवटीवरून पाण्याची धार लागली होती.

"नाव शोभतंय," मी म्हटलं.

"आईला आशा होती," तो म्हणाला, आणि पावसात निघून गेला.

लॅपटॉप अर्थातच चालला नाही.

माझे बाबा, ग्रगो मातेशिच, गोदीत वेल्डर होते. आवाज असा, की जहाजाच्या एका टोकाला ते हसले तर दुसऱ्या टोकाचा माणूस मागे वळून बघायचा. त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढलं. जीव वाचला. घरात आम्ही दोघंच, आणि आता त्यातली बोलणारी मी एकटी. बोलायचं दुसरं काही यंत्र गळ्याची जखम पुरती भरेपर्यंत लावता येणार नव्हतं. फोनवर टाईप करायचं म्हटलं, तर गोदीत भाजून जाड झालेली त्यांची बोटं एकाच वेळी चार अक्षरं दाबायची. फळीवर मार्करने लिहायचे, पण लिहून होईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. हळूहळू त्यांनी मार्कर हातात घेणंच सोडलं. खिडकीशी बसून समुद्राकडे बघत राहायचे. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली होती. नव्या लॅपटॉपची किंमत मी दुकानाच्या काचेतून बघून आले होते, तेवढंच.

निळ्या दाराआडच्या तळघरात गरम धुळीचा आणि कॉफीचा वास होता. भिंतीला लागून उघडे पडलेले कॉम्प्युटर, आणि मध्ये व्हेद्रान, तोंडात स्क्रू धरून.

"चालला नाही ना?" तो स्क्रूंमधूनच म्हणाला.

"तुम्हाला फार आनंद झालेला दिसतोय."

"मला वाटलं येणार नाही तुम्ही." मग घाईघाईने, "म्हणजे... राग आला होता तुम्हाला."

"अजून आहे. बाबांना मोठी बटणं लागतील. आणि टाईप केलेलं मोठ्याने बोलून दाखवेल असं काहीतरी."

त्याने तीन मेलेल्या लॅपटॉपमधून एक जिवंत बनवला. एकाचा पडदा, एकाची बॅटरी, तिसऱ्याचं उरलेलं सगळं. वर एक मोठा कीबोर्ड जोडून दिला. पैशांचं विचारलं, तर म्हणाला, "परवडेल तो देतो, नाही त्याने कॉफी आणावी."

घरी मी तो बाबांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे संशयाने पाहिलं. मग एका बोटाने एकेक अक्षर दाबलं, आणि शेवटी एंटर. लॅपटॉपने आमच्या बंदरावरची एक अस्सल, तिखट शिवी उच्चारली, पण झाग्रेबच्या बातम्या सांगणाऱ्या माणसाच्या सुरात, अगदी शुद्ध आणि सभ्य. बाबांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण ते हसत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. "मी राजधानीतला वाटतो," लॅपटॉप म्हणायचा. "मित्र हसतात. त्या पोराला बोलव."

पोरगा आला. उपाय असा निघाला, की बाबांनी आमच्या बोलीतला शब्द टाईप करायचा, मी तो म्हणून दाखवायचा, आणि व्हेद्रानने तो उच्चार लॅपटॉपला शिकवायचा. रोज संध्याकाळी तो यायचा. मी दुकानातून सुटून वाटेत खिमा भरलेला गरम बुरेक घेऊन जायचे. पावसाचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून खिडक्या लावून आम्ही टेबलाशी दाटीवाटीने बसायचो.

आधी जाळं, नांगर, सार्डिन असे शब्द झाले. मग एका संध्याकाळी बाबांनी काहीतरी टाईप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. लिहिलं होतं — लाडक्या माझ्या.

"बाबा, हे कशाला?"

"लागतं," लॅपटॉप म्हणाला.

मी टेबलाकडे बघत पुटपुटले, "लाडक्या माझ्या."

व्हेद्रान कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बार्बा," तो बाबांना म्हणाला, आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं, "बरोबर आलंय बहुतेक."

"मला नीट ऐकू आलं नाही," लॅपटॉप म्हणाला. "परत."

शब्द संपले, तसं त्याचं येणंही संपलं. मग आमचा कीबोर्ड बिघडायला लागला. एकदा वायर सैल झाली. एकदा बटणाखाली पावाचा चुरा गेला. प्रत्येक वेळी मी तो काखोटीला मारून तळघरात जायचे. तो दुरुस्ती करायचा, मी बघत बसायचे. एकदा न राहवून मी त्याचा चष्मा काढून घेतला, ती तार सोडून खिशातल्या छोट्या पेचकसाने नवी काडी बसवली. घालून बघताना काडी कानामागे नीट बसतेय ना हे मला बोटांनी पाहावं लागलं. रोज दुकानात पाहते मी असं, अनोळखी माणसांच्या कानामागे. त्या दिवशी माझी बोटं गार पडली होती.

"आता दिसतंय?" मी विचारलं.

"आधीही दिसत होतं," तो म्हणाला. हातातला स्क्रू खाली पडला, आणि तो शोधायला आम्ही दोघांनी उगीच फार वेळ घेतला.

पुढच्या आठवड्यात मी एफ-नऊचं बटण घेऊन गेले. त्या दिवशी बाबाही फिरायला म्हणून बरोबर आले, लॅपटॉप छातीशी धरून.

"एफ-नऊ?" व्हेद्रानने बटण तळहातावर घेतलं. "हे कोण दाबतं? आणि हे निघालं कसं?"

"काय माहीत. आपोआप."

बाबांनी खुर्ची ओढली. बोटं सावकाश चालली. एंटर.

"हिने चमच्याने काढलं. मी पाहिलं."

मी लाजेने लाल झाले. व्हेद्रानने एकदा बटणाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही.

"इथे लोक येतात, मशीन घेऊन जातात," तो हळूच म्हणाला. "परत कुणी येत नाही. चांगलंच आहे ते... म्हणजे मशीन चालतंय. पण तू... म्हणजे तुम्ही..."

"तू चालेल," मी म्हटलं.

त्यापुढे काही बोलणं होईना. कारण बाबा पुन्हा टाईप करत होते, आणि यावेळी त्यांचा चेहरा गंभीर होता.

"वॉर्डात तपासणीला गेलो होतो," लॅपटॉप म्हणाला. "बेपो होता. क्रेस बेटाच्या बोटीवर तिकिटं कापायचा तो. त्याचाही गळा गेला. मी बोलत होतो आणि तो माझ्याकडे बघत होता, भुकेल्याने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसा. मला लाज वाटली. तिथे असे आणखी आहेत. त्यांना पण द्या."

व्हेद्रानने मागच्या फळ्या दाखवल्या. रिकाम्या होत्या. होतं ते सगळं शाळा सुरू होताना मुलांनी नेलं होतं.

मग आम्ही शोधायला लागलो. सुटीच्या दिवशी, जेवणाच्या सुटीत, दोघं मिळून रियेकातली एकेक कचेरी. जुने कॉम्प्युटर सगळ्यांकडे होते. "ते आम्ही चुरा करायला पाठवतो," सगळेच म्हणायचे, जणू काही फार स्वच्छतेचं काम असावं. एका जिन्यावर मी दमून बसले. व्हेद्रान माझ्या शेजारी बसला, त्याने कोटाच्या खिशातून भाजलेले चेस्टनट काढले, सोलून एकेक माझ्या हातावर ठेवत गेला. गरम होते.

"सोडायचं का?" मी विचारलं.

"बार्बांना कोण सांगणार? मी नाही."

शेवटी एका जहाज कंपनीचा पत्ता लागला. पूर्ण मजल्याचे लॅपटॉप बदलले होते, आणि जुने त्या शुक्रवारी चुऱ्याला जाणार होते. बाबा म्हणाले, मीही येतो.

तिथल्या संचालिका बेंचिचबाई. करड्या केसांच्या, ताठ, नजर घड्याळावर.

"आमच्या मालाची, माणसांची माहिती आहे त्यात," त्या म्हणाल्या. "उद्या कुणाच्या हाती लागली तर?"

"सगळं पुसून कोरं करतो आम्ही," व्हेद्रान म्हणाला. "तुमच्या डोळ्यांदेखत करून दाखवतो."

"सगळेच असं म्हणतात. माफ करा, चुरा करणं सोपं आहे."

त्या उठणार, तेवढ्यात बाबांनी लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला. आणि टाईप करायला लागले. एकेक अक्षर. बाई उभ्याच राहिल्या. मग बसल्या. त्या खोलीत फक्त बटणांचा आवाज होता. मदतीला मी हात पुढे केला, तर बाबांनी तो बाजूला सारला.

एंटर.

"बाई, अर्धं आयुष्य मी तुमच्या जहाजांना वेल्डिंग केलं. कप्तानाची खोली, तिजोरीची खोली, सगळ्याच्या भिंती मी जोडल्या. कुणाच्या सामानात कधी डोकावलो नाही. हा पोरगा पण तसाच. रोज बघतो मी त्याला. तो फक्त कामाकडे बघतो. माझ्या मुलीकडे बघतो, तेवढा वेळ सोडून."

व्हेद्रानने छताकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

बेंचिचबाई बाबांकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "हा आवाज आपल्या बंदरावरचं कसा काय बोलतो?"

"मुलीने शिकवलं. पोराने ऐकलं."

"माझे वडील असंच बोलायचे," त्या म्हणाल्या. मग फोन उचलला. "शुक्रवारची गाडी रद्द करा." फोन ठेवून त्या आमच्याकडे वळल्या. "आमचा एक माणूस तुमच्याबरोबर बसेल, त्याच्यासमोर सगळं कोरं करायचं. मग न्या. सगळे न्या."

रस्त्यावर आलो, तर बाबांनी व्हेद्रानच्या पाठीत अशी थाप मारली, की त्याचा चष्मा नाकावरून घसरला.

पुढचे दिवस तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पुसायचे, तो उघडायचा, जोडायचा, बाबा प्रत्येकावर काहीतरी बोलून बघायचे. आणि एका सकाळी आम्ही खोकी भरलेली गाडी घेऊन वॉर्डात गेलो.

पहिला बेपो. त्याची बायको लुत्से शेजारी, हातात रुमाल तयार ठेवून. बेपो बराच वेळ टाईप करत होता. नर्सही येऊन थांबल्या. सगळ्यांचेच डोळे भरत आले होते. एंटर.

"लुत्से, उन्हाळ्यापासून तुझं सूप खारट होतंय."

लुत्सेने रुमाल त्याच्या डोक्यावर मारला, आणि मग त्याच डोक्याला मिठी मारून हमसून हमसून रडली, हसली. तोवर दुसऱ्या खाटेवरून कुणीतरी बोललं, मग तिसऱ्या. कुणी डॉक्टरांना जाब विचारत होतं, कुणी फुटबॉलवरून भांडत होतं, आणि सगळी माणसं एकाच आवाजात, आमच्या बंदरावरच्या बोलीत. इतका गोंधळ झाला, की मोठ्या नर्सबाई आल्या आणि ओरडल्या, "जरा शांतता ठेवा." पण ते शब्द तोंडातून निघताच त्यांना स्वतःलाच भरून आलं, आणि त्या तशाच परत गेल्या.

मी बाहेर आले. पाऊस उघडला नव्हता, पण बारीक झाला होता. दवाखान्याच्या छपराखाली व्हेद्रान उभा होता.

"आता काम संपलं," तो म्हणाला. "म्हणजे... तुला आता यायचं कारण नाही."

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. चष्मा काढला, उगीचच पुसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे फार उघडे दिसत होते.

"निवेस, मला बोलता येत नाही. बार्बांना येतं तसं. मी तुला... त्या गल्लीत तू तो लॅपटॉप ओढत होतीस ना, मला तेव्हाच..." तो थांबला. "प्रेम आहे माझं तुझ्यावर. झालं. बोललो."

"परत," मी म्हटलं. "मला नीट ऐकू आलं नाही."

तो हसला, आणि पुन्हा म्हणाला. मग मी त्याच्या हातातून चष्मा घेतला, कारण मध्ये येत होता, आणि त्याला माझ्याकडे ओढलं. त्याच्या गालाला पावसाची चव होती आणि कोटाला गरम धुळीचा वास.

बाबा केव्हा गाडीत जाऊन बसले, आम्हाला कळलंच नाही. त्यांनी हॉर्न दाबला. एकदा. मग बराच वेळ. वॉर्डाच्या खिडकीत बेपो आणि लुत्से येऊन उभे राहिले, त्यांच्यामागे आणखी काही जण. बाबा पुन्हा हॉर्न दाबत होते, आणि आम्ही दोघं जागचे हललो नाही.