चेलो हसत नाहीत

बाईंना त्या दिवशी फक्त तासभर बोलायचं होतं, तेही आवडत्या विषयावर. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी दुपारी सिनेमावेडी मंडळी जमायची, आणि यावेळी ग्रंथपालांनी बाईंना गळ घातली होती. थंडीचे दिवस. दुपार कलायच्या आतच खिडक्यांमधला उजेड मलूल झाला होता, आणि दालनाला जुन्या कागदांचा नि ओल्या लोकरीचा वास येत होता.

बाईंनी उभं आयुष्य व्हायोलिन शिकवण्यात घालवलं होतं. जुन्या हॉलिवूडच्या रडक्या चित्रपटांचं त्यांना वेड. चित्रपटांचं कमी, त्यांतल्या वाद्यवृंदाचं जास्त. "गोष्ट बेताचीच असते हो," त्या म्हणायच्या, "पण मागे साठ-सत्तर माणसं जीव ओतून वाजवत असतात, त्यांचं काय?"

त्यांनी निवडलेला प्रवेश असा होता. मोठं घर, वळणाचा जिना. खाली दिवाणखान्यात पाहुणे जमलेत आणि नायिकेचा नवरा समुद्रात बुडाल्याची तार येऊन पडलीय. खाली सगळ्यांना कळलंय, तिला नाही. ती नवा पोशाख घालून हसत हसत जिना उतरते.

"आता नीट ऐका," बाई म्हणाल्या. "ती हसतेय, पण चेलो हसत नाहीत. व्हायोलिनचे हे जाड आवाजाचे थोरले भाऊ खर्जात एकच सूर धरून बसलेत. घरात वाईट बातमी आली की माणसं भिंतीला टेकून बसतात ना, तसे. त्यांच्यावर आता व्हायोला आले, मधले भाऊ, व्हायोलिनपेक्षा जरा घोगरे. आणि हा हॉर्न, पितळेचा कर्णा, किती लांबून, जसा दुसऱ्याच कुणाच्या घरात वाजतोय. व्हायोलिन्स मात्र अजून गप्प. संगीतकाराने त्यांना अडवून धरलंय. ती शेवटच्या पायरीवर आली की सोडणार."

सोडली. एकदम सगळी, वर चढत गेलेली.

"आणि हे जिच्यासाठी चाललंय, तिला यातलं काही ऐकू येत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "पडद्यावरच्या माणसाला स्वतःचं संगीत कधीच ऐकू येत नसतं. ते बाकीच्यांसाठी असतं. बरं, आता हाच प्रवेश आवाज बंद करून बघू. कसा आडवा पडतो बघा."

त्यांनी स्पीकरची वायर स्वतःच्या हाताने उपसली आणि चित्र पुन्हा सुरू केलं.

मुका प्रवेश बघताना लोक चुळबुळ करतात, खोकतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. आज कुणी हललं नाही. पहिल्या रांगेत एक निवृत्त नर्स बसायच्या, त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. दिवे लागले.

"पाहिलंत? संगीत काढलं की जीवच जातो," बाई म्हणाल्या.

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"पण बाई... संगीत होतं की," नर्स म्हणाल्या. "उलट मघापेक्षा जास्त स्पष्ट."

"मला वाटलं, तुम्ही दुसरीकडून लावलंत," ग्रंथपाल चाचरत म्हणाले. "तुम्ही उभ्या होतात ना, तिथून येत होतं."

वायर अजून बाईंच्या हातातच होती. "सगळे मिळून माझी फिरकी घेताय होय?" त्या हसल्या. त्यांच्याबरोबर कुणीच हसलं नाही, तेव्हा त्यांनी भराभरा सामान आवरलं.

बाहेर धुकं उतरलं होतं. बाई नेहमीच्या बेकरीत शिरल्या. बेकरीवाली पाव कागदात गुंडाळता गुंडाळता थांबली आणि त्यांच्या खांद्यावरून मागे बघायला लागली.

"कुणाचं काही झालंय का, बाई?"

"नाही गं. का?"

"नाही... असंच. तुम्ही आत आलात आणि काहीतरी वाजायला लागलं. फार वाईट वाटतंय ऐकून." तिने पाव पुढे केला, पण तो देताना तिची बोटं बाईंच्या बोटांना लागणार नाहीत इतका लांबून.

इमारतीच्या जिन्यात त्या चढत होत्या तशी मागे एकेक दार किलकिलं होत होतं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "कुणाकडे लावलंय हो हे?" बाईंना ऐकू येत होते ते फक्त आपल्या चपलांचे आवाज. उरलेल्या पायऱ्या त्या जवळजवळ धावत चढल्या.

घरी नवरा होता. इमारतीत सगळे त्यांना इंजिनियर म्हणत. पूल बांधण्यात हयात गेलेली, आणि सुरांच्या बाबतीत साफ दगड. लग्नानंतर बाईंनी त्यांना गाणं शिकवायचं मनावर घेतलं होतं, आणि आठवड्याभरातच कानाला खडा लावला होता. त्या आत आल्या तेव्हा इंजिनियर जेवणाच्या टेबलापाशी उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अगं, हे काय घेऊन आलीस बरोबर?"

बाईंनी पर्स खाली ठेवली. "तुम्हालाही ऐकू येतंय?"

"येतंय म्हणजे काय... तुला नाही येत?"

"कसं आहे? सांगा ना."

"मी काय सांगणार? जाड आहे. जुनं दार हळूहळू ओढत उघडावं तसं. आणि थांबतच नाही."

चेलो. बाई खुर्चीत बसल्या. त्यांना सगळं लख्ख कळलं. संगीत ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यापासूनच काहीतरी लपलेलं असतं. त्यांनी तिथल्या तिथे परगावच्या मुलाला फोन लावला. तो ठणठणीत. बहीण ठणठणीत, तिच्या सांध्यांची कुरकुर सोडली तर. भाचे, जुन्या मैत्रिणी, कुणालाही साधं पडसं झालेलं नव्हतं. एकेक फोन ठेवताना एरवी हायसं वाटलं असतं. बाई मात्र लगेच पुढचा नंबर लावत होत्या.

त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. शिकायला येणाऱ्या मुलांना त्यांनी सुट्टी दिली. रोज दिवेलागणीला त्या इंजिनियरांच्या शेजारी बसायच्या आणि विचारायच्या, "आज काय वाजतंय?"

"तेच जाड. त्याच्यावर आज आणखी एक आलंय. सर्दी झालेल्या माणसाने व्हायोलिन वाजवावं तसं."

बाईंना अशाही परिस्थितीत हसू आलं. व्हायोलाचं याहून नेमकं वर्णन त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. मग हसू विरून गेलं. संगीत पुढे सरकत होतं. सिनेमात जे जिना उतरेपर्यंत आटोपतं, ते इथे दिवस दिवस लांबून चाललं होतं. एकेक पायरी. आणि त्यांना ते थांबवता येत नव्हतं, कारण ऐकूच येत नव्हतं. त्या रिकाम्या शांततेत बसून राहायच्या. घड्याळ, नळाची टपटप, आणि समोर डोळे पुसणारा नवरा.

"लांब कुठेतरी आगबोट भोंगा देतेय," एका संध्याकाळी इंजिनियर म्हणाले.

हॉर्न. आता फक्त व्हायोलिन्स उरली होती. म्हणजे शेवटची पायरी. बाईंच्या डोळ्यांसमोर तो प्रवेश आला. जिन्याच्या तळाशी एक म्हातारा नोकर उभा असतो. तार त्याच्या हातात असते. काय झालंय हे त्याला ठाऊक असतं, आणि ती जवळ येईपर्यंत तो नुसता तिच्याकडे बघत राहतो.

बाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. डोळ्यांत पिवळेपणा होता. ताटातलं अर्धं अन्न हल्ली तसंच राहतं, हेही त्यांना आत्ता आठवलं.

"अहो... तुम्ही मला काय सांगत नाही आहात?"

इंजिनियरांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"यकृतात गाठ आहे," ते अखेर म्हणाले. "पसरलीय. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. तुझं व्याख्यान होऊ दे, मग सांगू म्हटलं. मग ते वाजणं सुरू झालं, तू घाबरलीस... जीभच रेटेना गं."

बाई रडल्या. पोटातून, आवाज करून, आयुष्यात कधी रडल्या नव्हत्या तशा. इंजिनियर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बोलून झाल्यावर त्यांचाच चेहरा जरा निवळला होता. मुलाला कधी बोलवायचं, कुठल्या डॉक्टरला पुन्हा दाखवायचं, असं दोघं हळू आवाजात बोलत बसले. बाहेर पार अंधारलं. बाईंनी उठून दिवा लावला, पुन्हा त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. दुःख होतंच, पण छातीवरचा एक वेगळाच दगड उतरल्यासारखं झालं होतं. आता त्यांना कळलं होतं. आता लपलेलं काही उरलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आता थांबलं असेल ना?"

इंजिनियरांनी कान दिला.

"नाही."

"व्हायोलिन्स आली का? पुष्कळ, एकदम, वर चढत जाणारी?"

"नाही... वाद्यं सगळी थांबलीत." त्यांनी पुन्हा कान दिला. "आता एक बाई गातेय. एकटीच."

ते संगीत त्यांना पहिल्या सुरापासून अखेरपर्यंत पाठ होतं. त्यात माणसाचा आवाज कुठेही नव्हता.

"काय गातेय?"

"शब्द कळत नाहीत. पण... आनंदात आहे. सुटका झाल्यासारखी."

"कुठून येतंय?"

इंजिनियर बाईंच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहत होते. मग त्यांनी आपला हात त्यांच्या हातातून अलगद सोडवून घेतला, अंगात त्राण नसताना टेबलाचा आधार घेत उठले, आणि आपली खुर्ची ओढत पार पलीकडच्या भिंतीला नेऊन बसले.