रुसका दरवाजा उघडला कसा?

"कमरेचा पार भुगा झाला. एवढा मोठा कारखाना, पण मालकाला बसायला धड खुर्ची नाही," मामा पुटपुटला.

तो स्वतःशीच पुटपुटला होता, पण त्याची तीन भाचरं टेबलाखालीच बसली होती, त्यामुळे तिघांनाही ते स्वच्छ ऐकू गेलं. खुर्चीचा पाय मोडल्यापासून मामा कागदाच्या एका गठ्ठ्यावर उशी टाकून बसत होता आणि दिवसभर कुरकुरत होता. त्याच्याकडे लक्ष द्यायला भाचरांना आज मुळीच सवड नव्हती. मामाच्या कारखान्यात पुस्तकं बांधली जात, आणि या सुट्टीत तिथं चक्क 'गडबडगड'चा शेवटचा भाग बांधायला आला होता. मामानं त्यांना एक बिनकव्हरची प्रत दिली होती, तीही ती शिवल्याशिवल्या. बाहेरच्या जगात ती अजून कुणीच वाचली नव्हती.

गडबडगडात प्रत्येकाचं एकेक लाडकं माणूस होतं. माणूस म्हणायची आपली एक पद्धत. ताईची लाडकी फुंकरमावशी ही चेटकीण चहावर फुंकर मारायची आणि शेजारच्या राज्यात वादळ व्हायचं. मधल्याला सगळे भोपळा म्हणत. त्याचा लाडका लाजरू राक्षस कुणी बघत असलं तर घाससुद्धा गिळायचा नाही. आणि धाकट्या चिमणीचा जीव होता रुसक्या दरवाजावर. हा किल्ल्याचा मुख्य दरवाजा. एकदा रुसला की समोरच्यानं माफी मागेपर्यंत कुणासाठी उघडायचा नाही, मग राजा असो की आग.

ताई मोठ्यानं वाचत होती. राजानं दरवाजाला लाथ मारली, दरवाजा रुसला, राजानं चिडून त्याला बिजागऱ्यांतून उखडून खंदकात फेकला. चिमणीनं श्वास रोखला. ताईनं पान उलटलं. पुढच्या पानावर राजकन्येचं लग्न होतं आणि दरवाजा आपल्या जागेवर सताड उघडा राहून पाहुण्यांना हसून 'या, या' म्हणत होता.

"असं होणारच नाही," चिमणी म्हणाली.

भोपळा म्हणाला, झालंय की, छापलंय समोर. चिमणीचं म्हणणं, त्याची माफी कुणी मागितली? खंदकातून कुणी काढलं? मधलं काहीतरी गळलंय. पानांचे आकडे बघून ते लगेच कळलं असतं, पण या मालिकेत तीच तर गंमत होती. गडबडगडातला एक उंदीर आकडे खायचा, म्हणून प्रत्येक पानाचा आकडा कुरतडलेला छापत. कुठं नुसती शेपटी उरलेली, कुठं शून्याचा तुकडा.

मामाला विचारलं तर तो हसला. अगं, जादूची गोष्ट ती, तिच्यात काहीही होतं.

"जादूत काहीही होतं, मामा," ताई म्हणाली, "पण रुसका दरवाजा काहीही करत नाही."

मामानं तिला चष्म्यावरून पाहिलं आणि तो खळीच्या डब्याचं झाकण शोधायला लागला. दुपारी प्रकाशकांचा टेम्पो येणार होता. कव्हरं तेवढी चिकटवायची राहिली होती. एकदा गाडी गेली की ही पुस्तकं घरोघरी जाणार, आणि सगळ्या मुलांना वाटणार की चिमणीचा दरवाजा उगाचच, फुकटात, कुणासाठीही उघडतो. चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ताईला दिसलं, म्हणून मग माघार घ्यायचा प्रश्नच उरला नाही.

एक मोठा छापील कागद घड्या घालून कापला की सोळा पानं होतात. त्याला फर्मा म्हणतात, हे तिघांना मामानंच शिकवलं होतं. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक छोटी काळी खूण असते, मागच्या फर्म्यापेक्षा जराशी खाली. सगळे फर्मे नीट जुळले की पुस्तकाच्या पाठीवर काळ्या खुणांचा जिना उतरलेला दिसतो. तिघांनी बिनकव्हरची पुस्तकं पालथी केली. प्रत्येकाच्या जिन्यात मधेच एक पायरी गायब!

आता मामीला गाठलं. जुळणीचं काम तिच्या देखरेखीखाली होई. ती शांतपणे म्हणाली, पायरी नाही हे तिला केव्हाच दिसलं होतं आणि तिनं मामाला प्रकाशकांना फोनही करायला लावला होता. प्रकाशक म्हणाले, आकडे उंदीर खातो ना, मग पायरीही त्यानंच खाल्ली असेल, लेखिकाबाईंचे विनोद असे असतात. मामा आणि प्रकाशक फोनवर दोघंही खूप हसले होते म्हणे.

म्हणजे फर्मा छापलाच नव्हता, की छापून इथंच कुठंतरी पडला होता? तिघांनी कपाटांमागे पाहिलं, माळ्यावर पाहिलं. भोपळ्याच्या डोक्याला जळमटं लागली. छापखान्याहून आलेल्या सगळ्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या होत्या, ते मामीनं तपासून घेतले होते. बिनचिठ्ठीचा एकच आला होता. तो मामानं रद्दी समजून बाजूला टाकला होता.

"बाजूला म्हणजे कुठं?" ताईनं विचारलं.

मामीनं फक्त टेबलाकडे पाहिलं. तिघांनीही पाहिलं. मामा आरामात बसून कव्हरं मोजत होता.

त्याला उठवणं सोपं नव्हतं. चहा त्याला जागेवर मिळे, फोन हाताशी होता, आणि 'जरा ऊठ' म्हटलं की त्याची कंबर दुखायला लागे. मग भोपळा सहज बोलल्यासारखा ताईला म्हणाला, मामीच उंच आहे, मामा तिच्या कानापर्यंत येतो.

मामा ताडकन उठला. त्यानं मामीला हाताला धरून दाराच्या चौकटीशी नेलं, पाठीला पाठ लावली, टाचा किंचित उचलल्या आणि पेन्सिल आणायचा हुकूम सोडला. मामीही 'डोकं सरळ धरा हो' म्हणत त्याला तिथंच खिळवून ठेवत होती. तोवर ताईनं उशी फेकली, चिमणीनं दोरी तोडली. वरच्याच कागदावर खंदक होता.

मामा वळला तेव्हा तिघं जमिनीवर पालथी पडून वाचत होती. सगळा किल्ला काठावरून दरवाजावर ओरडत होता. मग लाजरू राक्षस आला, चारचौघांसमोर पहिल्यांदाच. तो काही बोलला नाही, नुसता खंदकात उतरून दरवाजाशेजारी दिवसभर चिखलात बसला. फुंकरमावशीनं दोघांना फुंकर मारून वाळवलं. आणि संध्याकाळी दरवाजाच हळूच कुरकुरला, 'माझंही जरा चुकलंच.'

"माझा राक्षस!" भोपळा ओरडला. माफी दरवाजा स्वतःच मागेल, हे चिमणीच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिनं तेवढं पान पुन्हा वाचलं.

टेम्पो आला. प्रकाशक आले आणि त्यांच्याबरोबर, स्वतःचं शेवटचं पुस्तक पाहायला, लेखिकाबाईही. मामानं घाम पुसत सगळं सांगितलं. प्रकाशक म्हणाले, उद्या समारंभ आहे, आता असंच जाऊ द्या, मुलांच्या पुस्तकात कोण एवढं बघतं? लेखिकाबाईंनी चिमणीकडे बोट दाखवलं.

"ही बघते. पुस्तक उसवायचं, फर्मा घालायचा आणि पुन्हा शिवायचं. समारंभ थांबेल."

त्यांनी तिघांना जवळ घेतलं. अख्खं पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं ते वाचक आज भेटले, असं म्हणाल्या. मामानं कामगारांसमोर फुशारकी मारली, की माझी भाचरं आहेत, अंगातच आहे. मामी हसली आणि सुया-दोरे वाटायला लागली.

मग बाईंनी प्रकाशकांकडे मान वळवली. एवढी सोळा पानं गेली, गोष्ट मधेच तुटली, तुम्हाला खटकलं कसं नाही?

प्रकाशक म्हणाले, छापखान्याचा घोळ. मामा म्हणाला, चिठ्ठी नव्हती ना. प्रकाशकांच्या मदतनीसानं उंदराचं नाव घेतलं. बाई एकेकाकडे बघत राहिल्या. कारखान्यात सगळ्यांना एकदम काहीतरी काम सुचलं.

शेवटी प्रकाशकांनी चष्मा काढला.

"बाई," ते म्हणाले, "मी तुमचं एकही पुस्तक वाचलेलं नाही."