दादा बसेल

बातमी आली तेव्हा मुकादम तिसऱ्या मजल्याच्या बोळात पाइपाचा नवा जोड तपासत होता. इमारत राहती होती. एका दारामागे मिक्सर फिरत होता, दुसऱ्यामागे तान्हं कुरकुरत होतं. वेल्डरनं शेवटचा टाका मारून तोंडावरची ढाल वर केली. बोळभर जळक्या रंगाचा वास होता.

फोन वहिनीचा होता. "भावजी, हे गेले," एवढंच ती म्हणाली.

थोरला भाऊ, दादा, आठवडाभर छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात होता. काल तर पेज मागून प्यायला होता.

मुकादमानं फोन खिशात ठेवला. वेल्डरनं विचारलं, "इथं कोण बसणार?"

प्रश्न रोजचाच. वेल्डिंग थांबलं म्हणून आग थांबत नाही. एखादी ठिणगी फटीतून भिंतीआड जाते आणि दबा धरून बसते. म्हणून काम संपलं की एक माणूस पाण्याची बादली घेऊन तिथंच बसतो, वास घेत, भिंतीवर तळहात टेकवत. ते काम वर्षानुवर्षं दादाचं. "नुसतं बसायचा पगार घेणारा खानदानात मी पहिलाच," असं तो म्हणायचा.

"दादा बसेल," मुकादम म्हणाला. जिभेच्या सवयीनं. आणि जिना उतरून गेला.

दादा बरा होऊन कामावर आला असेल, असं वेल्डरला वाटलं. हत्यारं गोळा करून तोही निघाला.

दवाखान्यातलं सगळं उरकेपर्यंत दिवस कलला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मधेच तिनं विचारलं, "आज तुमच्या कामावर कोण बसलंय?"

"दादा बसेल" हे आपलेच शब्द मुकादमाला आठवले. तो तसाच उठून इमारतीकडे निघाला.

कामासाठी बोळाची वीज तोडलेली होती. जिन्यापासूनच ओल्या राखेचा वास येऊ लागला. जोडाजवळच्या दारात एकट्या राहणाऱ्या आजी टॉर्च घेऊन उभ्या होत्या.

"या मुकादम. तुमच्या माणसानं वाचवलं हो आम्हाला."

"कुठल्या माणसानं?"

"दादांनी. इथंच स्टुलावर बसले होते. चहा विचारला तर नको म्हणाले. मग म्हणाले, आजी, जरा या भिंतीला हात लावून बघता? माझ्या हाताला आज काही कळत नाही..." आजींनी आपला तळवा टॉर्चसमोर धरला. तो लाल झाला होता. "शेजाऱ्यांनी भिंतीवरची फळी उचकटली. आत लाकूड धुमसत होतं. तान्ह्याचा पाळणा पलीकडेच."

मुकादमानं उचकटलेल्या फळीआड हात घालून पाहिला.

"केव्हा झालं हे?"

"आत्ताच की. उन्हं उतरताना. मी म्हटलं, विझलं ना, मग घरी जा. तर म्हणाले, धाकट्यानं येऊन ऊठ म्हटल्याशिवाय उठायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे." आजींचा आवाज खाली आला. "पण मग स्टूल उचलून वर गेले... वर तुमचं काम नव्हतं ना?"

नव्हतं. चौथ्या मजल्यावर एक ठिणगीही पडली नव्हती.

आजींचा टॉर्च घेऊन तो भिंतीला धरून वर चढला. काळोखात, शेवटच्या दारासमोर, स्टूल मांडलेलं होतं. शेजारी काठोकाठ भरलेली बादली. आतलं पाणी किंचित हलत होतं.

त्यानं भिंत चाचपली. गार. दार, चौकट, फरशी, सगळं गार. वास कसलाच नाही. दारामागे एक पोर अडखळत पाढे म्हणत होतं आणि त्याची आई भांडी घासत होती.

"दादा," तो हळूच म्हणाला, "इथं काय आहे?"

बादलीतलं पाणी स्थिर झालं.

ऊठ म्हणावं, तर दादा जाईल. आणि मग या दाराशी कोण बसेल?

तो शब्द त्यानं तोंडातच ठेवला. मग जिना उतरून वहिनीकडे गेला.

ऊठ म्हणायचं अजून राहिलंय.