कोंबडा जिथं आरवला

हे घडलेलं आहे. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. यातलं काही मी वाढवलेलं नाही, आणि जे मला ठाऊक नाही ते माझ्या मनानं भरलेलंही नाही.

साल एकोणीसशे चौतीस. मार्च महिना. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरचं हेल्लेवॉय बेट.

वादळ ओसरल्यावर किनाऱ्यावर जे मिळालं ते असं. होडी एक, उपडी. वल्ही चार होती, सापडली तीन. जाळं तरंगत ठेवणारे काचेचे गोळे अकरा. लोकरीचा हातमोजा एक, डाव्या हाताचा.

गेलेली माणसं दोन.

परत आलेलं माणूस एक.

दोघे सख्खे भाऊ होते. थोरला आमुंड, धाकटा हार्टविग. परत आला तो आमुंड. दोर्दी त्याची बायको, लग्नाला सव्वा वर्ष झालेलं. दोर्दीची धाकटी बहीण ओविडिया ही माझी आजी. दोर्दीनं हे सगळं तिला सांगितलं, आणि शेवटचा भाग आजीनं स्वतः पाहिला.

आणखी एक. यातलं काहीही अंधारात घडलेलं नाही. सगळं भर दिवसाचं आहे.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोर्दी स्वयंपाकघरात बसून होती. समोर बटाटे, हातात सुरी. एकही बटाटा सोलला नव्हता. आतल्या खोलीत तिची सासू बेरेत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

दार उघडलं...

आमुंड उभा होता. अंगावरून पाणी गळत होतं.

दोर्दी सुरी टाकून उठली. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बेरेत धावत बाहेर आली. तिनं मुलाकडे पाहिलं, मग त्याच्या मागं पाहिलं. वाट रिकामी होती.

"हार्टविग कुठंय?"

"तो मागं राहिला," आमुंड म्हणाला.

एवढंच. नंतर कितीही विचारलं तरी एवढंच.

त्याचं स्वेटर दोर्दीनं चुलीवरच्या दोरीला टाकलं. पहिल्या दिवशी ते गळत होतं. दुसऱ्या दिवशीही गळत होतं.

चौथ्या दिवशी...

टप्. टप्.

"लोकर जाड आहे," बेरेत म्हणाली. दोर्दीनं खाली पातेलं ठेवलं आणि मान हलवली.

आमुंड बोलायचा, पण विचारलं तरच. तो पूर्वी असा नव्हता. दोर्दीच्या हातचं माशाचं सूप समोर आलं की नाक मुरडून म्हणायचा, "त्यापेक्षा सरळ समुद्रच वाढ की ताटात!" मग ती पळी उगारायची आणि तो हसत हसत दोन वाट्या प्यायचा.

पाचव्या दिवशी तिनं मुद्दाम सुपात मूठभर मीठ टाकलं. निदान चिडेल तरी, म्हणून.

त्यानं वाटी तोंडाला लावली. संपवली. खाली ठेवली.

काही बोलला नाही.

*

बेरेतला धाकटा मुलगा हवा होता. जिवंत नाही, ती आशा तिनं सोडली होती. "मला माझ्या पोराला मातीत ठेवायचंय," ती रोज म्हणायची. "पाण्यात नाही. मातीत. मला जाऊन बसता येईल अशा जागी."

त्या बेटावर यावर एक उपाय होता. होडीत कोंबडा घ्यायचा आणि सगळी खाडी फिरायची. बुडालेला माणूस जिथं असेल, त्या जागेवर होडी आली की कोंबडा आरवतो. मग तिथं लोखंडी आकडा टाकून त्याला वर काढायचं.

कोंबडा म्हाताऱ्या क्रेस्तिआनचा होता. त्याच्या कोंबड्यानं आजवर तीन माणसं काढून दिली होती.

"क्रेस्तिआनकाका, हा फार म्हातारा नाही ना झाला?" टोपली हातात घेताना दोर्दीनं विचारलं.

"माझ्याहून तरुण आहे. आणि बायका याला जास्त आहेत. तू बस, पोरी."

दोर्दी मागच्या फळीवर बसली, टोपली मांडीवर. क्रेस्तिआन पुढच्या टोकाला, हातात दोराचा आकडा. मध्ये आमुंड, वल्हवायला. त्याची पाठ क्रेस्तिआनकडे, तोंड दोर्दीकडे.

बेरेत धक्क्यावर उभी राहिली. "सापडल्याशिवाय येऊ नका," ती म्हणाली.

ऊन होतं, पण हवा अशी की नाकातलं पाणी गोठावं. होडी धक्क्यापासून चार हात सुटली असेल नसेल...

कोंबडा आरवला.

"गप रे!" क्रेस्तिआन हसला. "इथं घोटाभर पाणी आहे. इथं खेकडासुद्धा बुडायचा नाही."

खाडीच्या तोंडाशी पुन्हा आरवला. आकडा टाकला. शेवाळ आलं. थोडं पुढं गेले. पुन्हा आरवला. आकडा टाकला. रिकामा आला.

सहा ठिकाणी आरवला. सहाही ठिकाणी काही नाही.

"आज सूप करतो याचं," क्रेस्तिआन वैतागला. "अरे, एकदा काय ते ठरव ना लेका!"

दोर्दी हसली नाही. तिची नजर आमुंडवर होती. क्रेस्तिआन नुसता बसून होता, तरी त्याच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. तिच्या स्वतःच्याही. कोंबड्याच्या चोचीतून बारीकशी वाफ येत होती.

आमुंड तासभर वल्हवत होता.

त्याच्या तोंडासमोर... काही नव्हतं.

थंडीनं माझे डोळे पाणावलेत, म्हणून दिसत नसेल, असं तिनं मनाशी ठरवलं.

खाडीबाहेर एक बुटका खडक आहे. भरतीला तो बुडतो, ओहोटीला वर येतो. त्याच्या फटीत काहीतरी लांब, पांढरं अडकलं होतं.

"वल्हं आहे," आमुंड म्हणाला. आपणहून बोललेलं सहा दिवसांतलं ते पहिलं वाक्य. तो खडकावर उतरला.

लाटेनं होडी आपटू नये म्हणून क्रेस्तिआन मध्ये येऊन वल्ह्यावर बसला आणि होडी लांब घेतली.

कोंबडा गप्प झाला.

"आता बोल," क्रेस्तिआन म्हणाला. "आलोच आहोत तर ही बाजू बघून घेऊ." त्यानं खडकाला दुरून मोठा वळसा घातला. कोंबडा गप्प. आणखी लांब नेली. गप्प. टोपलीत डोळे मिटून बसला होता.

आमुंड वल्हं घेऊन खडकाच्या टोकाला आला. क्रेस्तिआननं होडी जवळ आणली...

कोंबडा आरवला.

क्रेस्तिआनचे हात थांबले. तो दोर्दीकडे बघत होता. दोर्दी टोपलीकडे.

त्यानं होडी मागं घेतली. लांब. कोंबडा गप्प झाला.

पुन्हा जवळ आणली. आरवला.

पुन्हा लांब. गप्प.

"काका, पुरे," दोर्दी म्हणाली.

क्रेस्तिआननं वल्ही पाण्यातून वर काढली. त्यांची टोकं गळत होती. मग तो अगदी हळू म्हणाला, "पोरी... सापडला."

"काय सापडलं?"

"तुला कळलंय. माझ्याकडून वदवून घेऊ नको."

"तुमचा कोंबडा बिघडलाय. तुम्हीच म्हणालात!"

"म्हणालो. मघाशी म्हणालो." त्यानं मागं वळून खडकाकडे पाहिलं नाही. "कोंबडा जिवंत माणसाला बघून आरवत नाही. तू मांडीवर घेऊन बसलीस, मी इथं आहे. आरवला का आपल्याला बघून?"

दोर्दीनं टोपली दोन्ही हातांनी जवळ ओढली.

"त्याला इथंच राहू दे. दोन तासांत भरती येईल. ज्याचं आहे तो घेऊन जाईल. बेरेतला मी सांगतो, पाय घसरला म्हणून."

खडकावरून आमुंडनं हाक मारली. "दोर्दी... पाणी चढतंय."

आवाज त्याचाच होता. सव्वा वर्ष रोज उशाशी ऐकलेला. तिचं नाव घेताना शेवटी थोडा खाली उतरणारा.

"होडी जवळ घ्या, काका."

"नाही घेणार."

"तो माझा नवरा आहे."

"होता, बाळा."

दोर्दीनं टोपली खाली ठेवली. उठली आणि त्याच्या हातातून वल्ही ओढून घेतली. होडी डुचमळली. क्रेस्तिआन सत्तरीचा, तिच्याशी झटापट करत बसला असता तर दोघंही पाण्यात गेली असती. तो सरकत पुढच्या टोकाला गेला आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

दोर्दीनं स्वतः वल्हवत होडी खडकाला लावली. आमुंड चढला. होडी कलली, पण जेवढी कलायला हवी तेवढी नाही. त्यानं तिच्या हातातून वल्ही घेतली. दोघांचे हात एकमेकांना लागले.

कोंबडा आरवत होता. थांबतच नव्हता.

दोर्दीनं टोपलीचं झाकण काढलं. कोंबड्याला बाहेर घेतलं आणि आपल्या शालीखाली धरलं. घट्ट. आणखी घट्ट. आमुंड समोर वल्हवत होता आणि तिच्याकडे बघत होता. शालीखाली पंख फडफडले... मग पाय हलले...

मग काही नाही.

धक्क्यावर बेरेत त्याच जागी उभी होती.

"आरवला का गं? कुठं आरवला?"

"नाही, आई," दोर्दी म्हणाली. "कुठंच नाही."

बेरेत धक्क्यावरच खाली बसली. क्रेस्तिआननं मेलेला कोंबडा पायांना धरून उचलला आणि कुणाकडेही न बघता निघून गेला. त्यानंतर त्या घराची पायरी तो चढला नाही.

*

दोर्दीनं आमुंडला जपलं. तिचं म्हणणं साधं होतं, तो घरी आला ना? मग झालं. बाकीच्यांच्या नवऱ्यांचे तर हातमोजेच येतात.

दुपारी तो आडवा झाला की ती शेजारी झोपायची, त्याला ऊब यावी म्हणून. त्याच्या छातीला कान लावायची. आत ठोके नसायचे. आत काहीतरी दूरवर सरकायचं. लाट मागं जाताना गोटे घरंगळतात, तसं.

खळ्ळ... मग शांतता... मग पुन्हा खळ्ळ.

खिडकीबाहेर, खालच्या किनाऱ्यावर लाट फुटायची. त्याच वेळी.

बेरेतनं पंधरा दिवस पाहिलं. कान तिलाही होते. सोळाव्या दिवशी तिनं आपलं अंथरूण उचललं आणि शेजारणीकडे राहायला गेली. तिथूनच तिनं ओविडियाला निरोप धाडला, बहिणीला बघून जा म्हणून. ओविडिया पलीकडच्या बेटावर परिचारिका होती.

ती तिथं गेली त्या दिवसानंतर त्या घराचं काय झालं, हे आजीनं मला कधीच सांगितलं नाही. मी विचारलं की ती उठून खिडकी लावायची. तो एक दिवस मात्र ती नेहमी सांगायची, आणि दर वेळी आकडे तेच असायचे.

ती आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. चूल पेटलेली नव्हती.

"ताई, अगं काय झालंय तुझं! आरशात बघतेस की नाही?"

"आलीस का, बाईसाहेब? बॅग उघड आधी." दोर्दी हसली. तिचे ओठ निळसर होते. "त्याचा ताप मोज. आणि आईंना जाऊन सांग, तो धडधाकट आहे. तू शिकलेली, तुझं ऐकतील."

आमुंड पलंगावर डोळे मिटून पडला होता. उशीवर, त्याच्या केसांभोवती मिठाचे बारीक कण होते. ओविडियानं तापमापक त्याच्या काखेत ठेवला. दहा मिनिटांनी काढला. पारा तळालाच होता.

"बिघडला असेल," दोर्दी म्हणाली.

ओविडियानं तो झटकून स्वतःच्या काखेत धरला. छत्तीस पूर्णांक नऊ. मग पुन्हा झटकून दोर्दीच्या काखेत ठेवला.

पारा हलला नाही.

"ताई, तू आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल. बोट थांबलीय."

"आणि याला कोण बघणार?"

"ताई..."

"घर सोडून कुठं जाऊ गं? तू आधी नीट मोज. चांगलं यंत्र आण."

रुग्णाचा तापमापक पस्तिसाच्या खालचं दाखवतच नाही. ओविडिया खाली मासळीच्या गोदामात गेली. तिथं समुद्राचं पाणी मोजायची मोठी काचेची नळी होती, शून्यापासून चाळीसपर्यंत खुणांची. तिनं ती मागून घेतली. धक्क्यावरून पाण्यात सोडली, वाचली. तीन पूर्णांक चार. पुसून स्वतःच्या काखेत धरली, वाचली. छत्तीस पूर्णांक आठ. नळी बरोबर होती.

ती परत वर आली. आमुंडच्या काखेत नळी ठेवून वीस मिनिटं थांबली. बाहेर लाट फुटत होती.

तीन पूर्णांक चार.

दोर्दीनं तिच्या खांद्यावरून वाकून आकडा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग ती आमुंडच्या शेजारी, पांघरुणात शिरली आणि तिनं आपला हात वर केला.

"आता माझं घे," ती म्हणाली.

ओविडियानं घड्याळ लावून पुन्हा वीस मिनिटं मोजली. नळी काढून खिडकीच्या उजेडात धरली.

एकोणीस पूर्णांक दोन.